चुन्याचा हात

दसरा सरून दिवाळी जवळ आली की आमच्या गल्लीत चुन्याचा वास दरवळू लागतो. दारोदारी पत्र्याच्या डब्यांत कळीचा चुना फसफसत असतो आणि लहान मुले भोवती उभी राहून ती वाफ कौतुकाने पाहत असतात. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील हे जुने गाव. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दगडमातीचे वाडे आहेत. उंच दरवाजा, आत ढेलज, मग चौक, चौकाभोवती लाकडी खांबांच्या ओसऱ्या आणि वर मातीचे माळवद. यांतीलच एक लहानसा वाडा मिशनने फार पूर्वी विकत घेतला होता. त्याच्या पुढच्या ओसरीवर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो, मागच्या दोन खणांत मी राहतो. या घराने मला एक धडा शिकविला. तो सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझे बालपण वसईत गेले. मे महिन्यात आम्ही गिरगावातील खोताच्या वाडीत नातेवाइकांकडे जात असू. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी तेथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि त्यातून ती वाडी उभी राहिली. लाकडी जिने, कोरीव कठडे, पुढे पडवी आणि प्रत्येक घराचा निराळा रंग! एकेकाळी तेथे अशी पासष्ट घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. ज्या घराच्या पडवीत आम्ही पत्ते खेळलो, त्या जागी आज मोठी इमारत उभी आहे.

काही वर्षांपूर्वी ध्यानसाधनेच्या निमित्ताने गोव्याला जाणे झाले, तेव्हा पणजीच्या फोंतेन्यास भागात हिंडलो. सेंट सेबॅस्टियनचे 1818 सालचे चॅपेल, अरुंद वाटा आणि पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगांची घरे. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा संपला की घराला रंग देणे हे कर्तव्य मानले जाई आणि शुभ्र पांढरा रंग तेवढा चर्चसाठी राखून ठेवलेला असे. दरवर्षी घराकडे नव्याने पाहण्याची ती शिस्त मला फार भावली. आपलाही वाडा असा सजवावा, असे मनाने घेतले.

परत आलो तो उत्साहातच. घाई मोठी वाईट! सणापूर्वी काम उरकावे म्हणून मी जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला, त्यावर सिमेंटचा गुळगुळीत थर दिला आणि वरून चकचकीत तैलरंग चढविला. लोकांनी तोंडभर स्तुती केली. मीही ती निमूटपणे स्वीकारली. मृगाचा पाऊस पडला आणि भिंतीवर फोड उठू लागले. श्रावणात रंगाचे पापुद्रे गळू लागले. भाद्रपदात उत्तरेकडील भिंत मध्यभागी पोटासारखी फुगलेली दिसली.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गवंडी आहेत. सारे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी भिंतीवर हात फिरविला, बोटाच्या पेराने ठोकून पाहिले आणि म्हणाले, “फादर, भितीला श्वास घ्यायला जागाच ठेवली न्हाई तुमी.”

त्यांनी मला जे समजावून सांगितले ते असे. दगडमातीची भिंत जमिनीतून आणि माळवदातून ओल ओढते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि तैलरंग तिला आत कोंडतात. कोंडलेल्या पाण्याने आतील माती सैल होते. शिवाय आपल्याकडच्या भिंती दिसतात एक, पण असतात दोन. बाहेरचा दगडी पदर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये चिपा व माती यांची भर. दोन्ही पदरांना आरपार सांधणारे लांब दगड बहुधा नसतातच.

एवढे बोलून मामा थांबले. मग सावकाश म्हणाले, “आमची धाकटी बहीण अशाच भितीखाली गेली, किल्लारीला.”

30 सप्टेंबर 1993. गणपतींचे विसर्जन करून माणसे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. मी तेव्हा सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. आम्हा काही विद्यार्थ्यांना मदतीला पाठविण्यात आले. एक दृश्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही. भिंती भुईसपाट झाल्या होत्या, पण कित्येक घरांचा लाकडी सांगाडा, खांब आणि तुळया, जागच्या जागी उभा होता. तेव्हा त्याचा अर्थ मला उमगला नव्हता.

ही वार्ता पसरताच धर्मग्राम समितीची बैठक बसली. बहुतेकांचे मत वाडा पाडून सिमेंट-काँक्रीटचे घर बांधावे असे पडले. एक माउली म्हणाली, “फादर, आमची लेकरं इथं शिकायला बसतात.” या वाक्यापुढे माझे सारे सौंदर्यप्रेम लटके पडले. मी पाडण्याच्या बाजूने हात वर करणार, तोच मामा उभे राहिले. ज्यांना त्या भिंतीचा सर्वांत अधिक राग यावा, तेच तिच्या बाजूने बोलू लागले. “दगडाचा दोष न्हाई. बांधणाऱ्यानं सांधलं न्हाई, त्याचा दोष. आता सांधू.”

आणि मामांना ते काम ठाऊक होते. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, हे सर्वांना माहीत आहे. परंतु लाखाहून अधिक घरे जागच्या जागी बळकट करण्याचेही काम तेव्हा झाले. त्यावर मामांनी मजुरी केली होती. एका अभियंत्याला बोलावून त्यांचा होकार घेतला आणि मग काम सुरू झाले.

प्रथम माळवद उतरविले. दरवर्षी गळती थांबविण्यासाठी माती टाकता टाकता थर दीड हातावर गेला होता. तो आठ इंचांवर आणला. डोक्यावरचे ओझे एवढे होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते! फुगलेला भाग उतरवून पुन्हा बांधला. उरलेल्या भिंतीत दर तीन-साडेतीन फुटांवर आरपार भोक पाडून, त्यात लोखंडी सळई घालून काँक्रीट भरले, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतील. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरके आधार दिले. दारांच्या वरच्या पातळीवर घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा ओढला. सिमेंटही वाईट नव्हे. त्याची जागा तेवढी ओळखावी लागते. शेवटी सर्वत्र चुन्याचा गिलावा आणि त्यावर गाळलेल्या चुन्यात डिंक व किंचित नीळ घालून पांढरा हात. विझविलेला चुना हवेशी हळूहळू एकरूप होऊन पुन्हा दगडासारखा होतो. त्याला वेळ द्यावा लागतो, एवढेच.

प्रभूने चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली, तीवर मी अनेकदा प्रवचने केली आहेत. ती माझ्याच घराला लागू पडेल, असे वाटले नव्हते. मी वरून रंग दिला आणि आतले तुटलेपण पाहिलेच नाही. आमच्या कुटुंबांतही, सणाला सारे एकत्र दिसतात आणि दोन भाऊ मात्र आतून दोन पदरांसारखे वेगळे असतात. तेथे रंगाने भागत नाही, आरपार सांधणारे काहीतरी घालावे लागते.

गल्लीतील आणखी दोन घरमालकांनी मामांना विचारणा केली आहे. तिघांनी मात्र वाडे पाडले. त्यांना मी दोष देत नाही. भय खरे आहे आणि पैसा थोडा आहे.

यंदा चुना देण्याच्या दिवशी मुलांनी कुंचले हाती घेतले. मामा आता शिडीवर चढत नाहीत. ओसरीवर बसून ते दाखवीत होते, “तिथं राहिलं बघ, पोरा.” काम संपल्यावर त्यांनी उत्तरेकडील भिंतीला पाठ टेकली आणि क्षणभर डोळे मिटले. त्या भिंतीला पाठ टेकताना मी त्यांना प्रथमच पाहिले.