रिकामी वाटी

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर हे लोणार तालुक्यातले एक गाव. उल्केच्या आघाताने निर्माण झालेले लोणारचे जगप्रसिद्ध विवर येथून फार दूर नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावर उभे राहून पाहिले, म्हणजे पृथ्वीने आकाशापुढे एक प्रचंड वाटी धरली आहे की काय, असा भास होतो. परंतु ही गोष्ट त्या प्रचंड वाटीची नव्हे; घरोघरीच्या फडताळात पालथी घातलेली असते, त्या लहानशा वाटीची आहे.

सुलतानपुरात एका शेतकऱ्याचे साधेसे घर आहे असे समजावे. घरात आजी-आजोबा, आई-बाबा आणि सहाव्या इयत्तेत शिकणारी एक मुलगी. जानेवारी महिन्याचे दिवस. सोयाबीन विकून हाती आलेले पैसे देण्याघेण्यात संपलेले, आणि तूर अजून घरात यायची होती. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि रथसप्तमीच्या आधी मुलीला बारावे वर्ष पूर्ण होणार होते.

महिन्यापूर्वी ती मेहकरला मामेबहिणीच्या वाढदिवसाला जाऊन आली होती. तेथील दिवे, फुगे आणि केक यांपेक्षाही एक गोष्ट तिच्या मनात ठसली होती. समारंभ संपल्यावर मामी दाराशी उभ्या राहिल्या आणि निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती त्यांनी एक चकचकीत पिशवी दिली. पिशवीत पेन्सिल, खोडरबर, चार चॉकलेटे आणि एक चिमुकले खेळणे होते. या पिशवीला सारी मुले 'रिटर्न गिफ्ट' म्हणत. आपणही आपल्या वाढदिवसाला अशाच पिशव्या वाटायच्या, असे मुलीने तेव्हाच मनाशी ठरवून टाकले होते.

तिने हा बेत सांगताच आईने वहीच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. वर्गातली मुले पंचवीस. एका पिशवीला चाळीस रुपये धरले, तरी एक हजार रुपये झाले. खाऊचा खर्च वेगळाच. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"पण आई, मुले आपल्यासाठी भेट आणणार आणि आपण त्यांना रिकाम्या हातांनी पाठवायचे का?" मुलगी म्हणाली.

हा प्रश्न मुळीच टाकाऊ नव्हता. पाहुणा आपल्या आनंदात सहभागी होण्यासाठी वेळ काढून येतो. जाताना त्याच्या हाती काहीतरी ठेवावे, असे वाटणे ही सौजन्याचीच खूण आहे. लहान मुलाला तर समारंभाहून परतताना मुठीत धरून नेण्याजोगे काहीतरी मिळाले, म्हणजे तो समारंभ त्याच्याबरोबर घरापर्यंत येतो. तेव्हा मुलीचे म्हणणे हट्टाचे होते, असे म्हणता यायचे नाही. तथापि, खर्चाच्या त्या आकड्याकडे पाहून आईचे मन चिंतेत पडले, तेही वावगे नव्हते.

कोपऱ्यात बसलेले आजोबा हसून म्हणाले, "आमच्या वेळी ही अडचणच नव्हती. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख 1 जून आहे. माझ्या कितीतरी सोबत्यांची जन्मतारीखही तीच. गुरुजींनी विचारले, बापाला आठवेना, आणि गुरुजींनी लिहून टाकले 1 जून! आता एकाच दिवशी सारा वर्ग जन्मला, तर कोणी कोणाला बोलवायचे आणि कोणी कोणाला पिशवी द्यायची?"

सारे हसले. आजोबांची गोष्ट विनोदाची असली, तरी ती खोटी नव्हती. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा 1 जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या फार मोठी आहे. वाढदिवस साजरा झालाच, तर तो तिथीने होई. आई निरांजन लावून औक्षण करी, गोडाचा घास भरवी, आणि मूल खेळायला पळे.

परंतु म्हणून त्या काळातील मुले शेजारच्या घरून नेहमी रिकाम्या हातांनी परतत, असे मात्र नाही. आजीने नातीला जवळ बसवून घेतले आणि तिच्या बोरन्हाणाची आठवण सांगितली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत लहान बाळांना बोरन्हाण घालतात. बाळाला काळे झबले शिवतात, हलव्याचे दागिने घालतात आणि पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि तिळाच्या रेवड्या ओततात. भोवती जमलेली आळीतली पोरे ते वेचण्यासाठी एकच झुंबड उडवतात. ज्याच्या ओंजळीत जे येईल, ते त्याचे. बाळाचा सोहळा आणि खिसे भरतात ते पाहुण्या मुलांचे!

याच दिवसांत सुवासिनी हळदीकुंकवाला एकमेकींकडे जातात आणि वाण घेऊन परततात. या वाणाविषयी मराठीत एक मोठा गोड शब्दप्रयोग आहे. वाण 'देतात' असे न म्हणता वाण 'लुटतात' असे म्हणतात. लुटीत कोणी हिशेब ठेवत नाही. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. तेव्हाही गाणी संपल्यावर खिरापत असतेच. झाकलेला डबा हलवून दाखवायचा, मुलींनी आतला पदार्थ ओळखायचा, आणि मग तो साऱ्यांना वाटायचा. त्या डब्यात काजूकतली आहे की नुसते फुटाणे, याला महत्त्व नसते. ओळखता न येणारी खिरापतच खरी बहारीची!

"आणि वाटीचे काय, तेही सांगते," आजी म्हणाली. "शेजारणीकडून वाटीभर खीर आली, तर ती वाटी आपण कधी रिकामी परत पाठवत नाही. घरात काही नसले, तर चिमूटभर साखर तरी घालतोच."

"म्हणजे ते रिटर्न गिफ्टच झाले की!" नात टाळी वाजवून उद्गारली.

नातीचे बोलणे काही अंशी खरे होते. घेतलेल्याची फेड करावी, ही वृत्ती माणसात फार जुनी आहे. फ्रान्समधील मार्सेल मॉस या विद्वानाने 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात निरनिराळ्या देशांतील देण्याघेण्याच्या चालींचा विचार केला आहे. भेट देणे, ती स्वीकारणे आणि तिची परतफेड करणे ही तिन्ही कर्तव्ये मानवी समाजांनी मानली आहेत, असे त्याने दाखवून दिले. जपानमध्ये मिळालेल्या भेटीच्या बदल्यात सुमारे निम्म्या किमतीची परतभेट पाठवण्याचा प्रघात आहे. उलट मेक्सिकोतील मुले वाढदिवसाला खाऊने भरलेली एक रंगीत कागदी आकृती टांगतात आणि डोळे बांधून ती काठीने फोडतात. आतून सांडलेला खाऊ सारी मुले वेचून घेतात. आपल्या बोरन्हाणाची ही जणू दूरदेशीची बहीणच!

मग या चालींपैकी कोणती चांगली आणि कोणती टाळण्याजोगी? हे ओळखण्यासाठी घरातील दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात: एक शेजारणीची वाटी आणि दुसरी आहेराची वही. लग्नात कोणी किती आहेर केला, हे अनेक घरांतून वहीत टिपून ठेवत, आणि त्या माणसाकडे कार्य निघाले, म्हणजे वही उघडून तेवढाच किंवा थोडा अधिक आहेर करीत. वाटीत मात्र साखर किती आली, हे कोणत्याही वहीत लिहिलेले आढळणार नाही. देणे दोन्हींकडे आहे, परत करणेही दोन्हींकडे आहे. पण वही मोजते आणि वाटी मोजत नाही. वही परतफेड मागते. वाटी आपल्या घासातला वाटा पाठवते. मोजणीचा हा जाच लक्षात आल्यामुळेच आता पुष्कळ लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ छापलेली दिसते.

वाढदिवसाची पिशवीही अशीच वाटीसारखी असू शकते किंवा वहीसारखी. ती वहीसारखी झाली की काय होते, हे मुलीला दुसऱ्याच दिवशी कळले. शाळेत जाताना तिने आपल्या जिवलग मैत्रिणीला सारा बेत सांगितला. मैत्रिणीचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात. तिने पिशवीचे वर्णन लक्ष देऊन ऐकले, थोडा वेळ ती काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मला त्या दिवशी यायला जमणार नाही गं. घरी काम आहे."

मुलगी हिरमुसून घरी आली. तिने आजीला विचारले, "आजी, तिला पिशवी नको का असेल?"

"पिशवी कोणाला नको असते?" आजी म्हणाली. "पण चाळीस रुपयांची पिशवी घ्यायची, तर तेवढ्याच किमतीची भेट आणायला हवी, असे तिला वाटले असेल. आणि पुढे तिचा वाढदिवस येईल, तेव्हा तिच्या आईने काय करावे?"

मुलगी पुष्कळ वेळ गप्प बसली. पिशवी म्हणजे आनंद, एवढेच तिला आजवर ठाऊक होते. ती पिशवी एखाद्याच्या पायांना आपल्या दारापासून मागे ओढू शकते, हे तिच्या ध्यानातही आले नव्हते. पंचवीस पिशव्या वाटल्या असत्या, तरी जी यावी असे तिला सर्वांत अधिक वाटत होते, तीच आली नसती.

रात्री आईच्या हिशेबाच्या वहीचे ते पान तिने उलटले आणि नव्या पानावर निमंत्रणाचा मजकूर लिहिला. त्याच्या शेवटी तिने ठळक अक्षरांत एक ओळ घातली: 'कोणीही भेटवस्तू आणू नये. खिरापत ओळखण्यासाठी मात्र डोके आणावे.' ती ओळ वाचून बाबांना हसू आले, आणि बऱ्याच दिवसांनी ते मोकळेपणाने हसले.

वाढदिवशी अंगणात सतरंजी अंथरली. आईने औक्षण केले. बाबांनी बांधावरच्या बोरीची बोरे आणि शेतातला सोला, म्हणजे ओला हरभरा, टोपलीभर आणला होता. आजीने तिळाच्या वड्या थापल्या होत्या. झाकलेला डबा हातोहात फिरला. कोणी तो कानाशी हलवला, कोणी त्याचा वास घेतला, आणि तरीही सात-आठ चुकीची उत्तरे आल्यावरच डबा उघडला. निघताना प्रत्येकाला जुन्या वहीच्या कागदाची एक पुडी मिळाली. तिच्यात दोन वड्या आणि मूठभर बोरे होती. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली; या अंगणात तशी एकही पिशवी वापरली गेली नाही आणि तिची कोणाला आठवणही झाली नाही.

मैत्रीण आली होती. तिचे हात रिकामे होते. परंतु त्या दिवशी सर्वांचेच हात रिकामे असल्यामुळे तिचे कोणाला दिसले नाहीत. तिचा धाकटा भाऊ तापाने घरी झोपला होता, हे कळल्यावर आजीने फडताळातली वाटी काढली, तीत शिरा भरला आणि ती मैत्रिणीच्या हाती दिली.

शहरात राहणाऱ्या एखाद्या मुलाने आपल्या सोबत्यांना गोष्टीचे पुस्तक दिले किंवा फुलझाडाचे रोप दिले, तर त्यातही वाईट काहीच नाही. किंबहुना वाटून घेण्याची हौस ज्याला आहे, त्याने ती अवश्य पुरवावी. मात्र पिशवी बांधण्यापूर्वी त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही पिशवी घेताना माझा एखादा सोबती ओशाळणार तर नाही ना? जे दिल्याने घेणाऱ्याच्या मनात कर्जाची भावना उरते, त्याला भेट कसे म्हणावे? आणि जे दिल्याने तो पुन्हा आपल्या दारी निःसंकोचपणे येतो, ते मूठभर बोरांचे का असेना, देणे मोठेच होय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण शाळेत जाताना वाटेत थांबली. तिने दप्तरातून आजीची वाटी काढून दिली. वाटी घासूनपुसून लख्ख केलेली होती आणि तिच्यात थोडे भाजलेले शेंगदाणे होते. मुलीने ते दोन्ही ओंजळींत निम्मे निम्मे वाटून घेतले, आणि दोघी खात खात शाळेकडे निघाल्या. शेंगदाणे किती होते, हे कोणीही मोजले नाही.