पाझर आणि गळती

पुणे-नाशिक रस्त्याचा प्रवासी मंचरला चहा घेतो, बाजारात कांद्या-बटाट्याचा भाव विचारतो आणि पुढे निघतो. गावची जुनी दगडी बारव पाहायला थांबणारा विरळाच. बारवेचे सारे वैभव पाझरावर! पाणी आत झिरपले, तरच तिच्या पायऱ्यांना अर्थ. पण पश्चिमेला घोडेगाववरून डिंभ्याला जा. तिथे हाच पाझर वैरी ठरतो.

घोड नदी अडवून झालेल्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे प्राण देणारा हा तरुण याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. तालुक्याला नाव देणारे जुने आंबेगाव या पाण्याखाली गेले. वाटा बुडाल्या, तिथे होडी आली. आपल्याला ती सहल. काठच्या माणसाला मासळी आणि पैलतीर.

लाकडी होडी पाण्यापेक्षा उन्हाला अधिक भिते. उन्हाळ्यात कोरडी पडली, की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. फटीत कापूस ठासून वर राळ-तेल भरायचे, पण बेताने. पाण्यात फळ्या फुगतात. फार ठासले तर सांधाच फाटायचा.

शिडाच्या छोट्या होडीचे दुखणे याहून नाजूक. वाऱ्याने ती आडवी सरकू नये म्हणून मधोमध एक फळी खाली सोडतात. त्यासाठी तळाला चीर पाडून वर उभी पेटी बसवलेली असते. वारा शिडाला रेटतो, पाणी फळीला. त्या ओढाताणीत पेटीचे मूळ हलते आणि गळू लागते.

मग आतून लुकण थापून काय उपयोग? बाहेरच्या पाण्याचा दाब ते ढकलूनच देणार. त्याऐवजी होडी ठोकळ्यांवर घ्या, खालची चीर बंद करून पेटीतच पाणी ओता. थेंब दिसेल तिथे खूण करा. होडी नीट वाळवा, जुना रंग नि लुकण खरवडा, गंजलेले बोल्ट बदला. सांध्यात लवचिक लुकण भरून बोल्ट आधी हलके आवळा. ते सुकल्यावर पक्के करा. हलणाऱ्या सांध्यात कडक लेप टिकत नाही.

हे सारे काठावर, सवडीने करावे. भर पाण्यात गळती लागली, की एका हाती वल्हे, दुसऱ्या हाती डबा. आणि पैलतीर मात्र आहे तिथेच!