धारूरच्या घाटातले वळण

किल्ले धारूर हे गाव बालाघाटाच्या माथ्यावर वसले आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधलेला किल्ला गावाच्या एका अंगाला उभा आहे आणि भोवती मुरमाड माळ पसरला आहे. या माळावर ज्वारी-बाजरी येते ती पावसाच्या मर्जीने. सीताफळ मात्र कुणी लावले नाही, कुणी पाणी घातले नाही, तरी बांधावर आणि दरडीवर हिरवेगार असते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ चवीला गोड, पण स्वभावाने फार नाजूक. झाडावरून उतरवले की दोन-चार दिवसांत पिकते आणि वाटेत आपटले तर पिकण्याआधीच काळे पडते. तेव्हा ते पिकवण्याइतकेच ते बाजारात सुखरूप नेणे महत्त्वाचे.

बीड शहरात रेल्वेगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. धारूरकरांना अजून रस्त्याचाच आधार. माजलगाव किंवा बीड गाठायचे तर तेलगावच्या बाजूचा घाट उतरावा लागतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये अरुंद वळणे. या घाटात गाड्या उलटल्याच्या बातम्या आमच्या भागात नव्या नाहीत.

आमच्याकडे एक जुनी पिकअप गाडी आहे. सहा वर्षांपूर्वी घेतली, तेव्हाच ती तिसऱ्या हातची होती. पहिल्या मालकाकडे ती कोकणात मासळी वाहत असे. खाऱ्या पाण्याने आणि बर्फाच्या ओलीने तिच्या पोटाला गंज चढला, तो आमच्या कोरड्या मुलखात येऊनही गेला नाही. हौद्याचा पत्रा जागोजागी चाळणीसारखा झालेला. तरी इंजिन चांगले म्हणून आम्ही खूश होतो. मागची बाजू फार उडते, अशी तक्रार आमच्या मातोश्री दोन वर्षे करीत होत्या. “तुमच्या गाडीत बसण्यापेक्षा बैलगाडी बरी,” असे त्या म्हणत, आणि आम्ही हसून सोडून देत होतो.

गेल्या आश्विनात ते हसू पुरते मावळले. पहाटे सीताफळांचे तीस क्रेट भरून मी आणि धाकटा भाऊ बीडला निघालो. गाडी तो चालवीत होता. घाटातल्या एका उतरत्या वळणावर खड्डा आला. मागचे चाक त्यात आदळले, आणि एकदा उडून खाली बसायचे सोडून गाडीचा मागचा भाग पुन्हापुन्हा नाचू लागला. चाक जमिनीवर टेकेना, त्यामुळे ब्रेकही नीट धरेना. गाडी फरफटत दरीकडच्या कठड्यापर्यंत गेली आणि हातभर अंतर राखून थांबली. दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. खाली उतरून भावाने चाकाला दगड लावला आणि तो तसाच रस्त्याच्या कडेला बसून राहिला. त्याची धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम चार महिन्यांची होती.

पुढे तेलगाव, वडवणी करीत बीडपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने गेलो. बाजारात व्यापाऱ्याने क्रेट उघडले, बोटाने फळे दाबली आणि तिसांतले नऊ क्रेट बाजूला काढले. चांगल्या मालाला त्या दिवशी साठ रुपये किलो भाव होता, डागी मालाला तीस. एका क्रेटमध्ये अठरा किलो माल धरला तरी चार हजार आठशे साठ रुपयांचा फटका बसला. वर्षभराची राखण अशी एका खड्ड्यात गेली.

तेथून गाडी थेट गॅरेजात नेली. वाटेत मी भावाला म्हणालो, “पाटे थकलेत. एक पाटा वाढवून घेऊ.” गॅरेजातले मिस्त्री वयस्कर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आम्हा दोघांना मागच्या बंपरवर उभे केले, चार वेळा दाबायला लावले आणि एकदम खाली उतरायला सांगितले. आम्ही उतरलो तरी गाडी आपली हलतच होती.

“बघा मालक,” चाचा म्हणाले, “चांगली गाडी एकदा वर येती आन् जाग्यावर बसती. तुमची झोके घेती. पाट्याला काय झालं नाही. शॉकअप गेलेत.”

शॉकअब्सॉर्बर म्हणजे आपल्या बोलीतला शॉकअप. तो गाडीचे ओझे पेलतो असा माझा समज होता. चाचांनी तो काढून टाकला. ओझे पेलतात ते पाटे. पण पाटा दाबला की तो उसळतो, उसळला की पुन्हा दबतो. पाळण्याला झोका दिला तर तो बराच वेळ हलत राहतो, आई हात लावते तेव्हा थांबतो. शॉकअप म्हणजे तो आईचा हात. त्याच्या नळीत तेल असते आणि आत बारीक भोके असलेला दट्ट्या असतो. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. फवारणीच्या पंपाला नोझल लावले की दांडा जड चालतो आणि नोझल काढले की सैल पडतो, तसाच हा प्रकार. आमच्या शॉकअपचे सील फाटून तेल गळून गेले होते. बाहेरच्या नळीवर तेलकट मातीचा थर बसला होता, तो आम्ही रोज पाहत होतो. फक्त त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. वर एक पाटा वाढवला असता तर गाडी अधिकच कडक होऊन आणखी उडाली असती.

पण शॉकअप काढायचे कसे? नट गंजून बोल्टाशी एकजीव झाले होते. चाचांनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, त्यावर डिझेल आणि तेल सोडले आणि म्हणाले, “आता जरा फिरून या. गंजाशी घाई करायची नसती, बोल्ट तुटतो.”

आम्ही दोघे शहराच्या दक्षिणेला सोलापूर रस्त्यालगतची खजाना विहीर पाहायला गेलो. इतकी वर्षे बीडला येतो, पण पाहिली नव्हती. निजामशाहीत सलाबतखानाने ती १५७२ च्या सुमारास बांधवली असे सांगतात. गोल विहीर, आतून कमानींची ओवरी आणि जमिनीखालून काढलेल्या वाटा. एकीकडून पाणी आत येते आणि उताराच्या बळावर खालच्या शेतीकडे जाते. मोट नाही, पंप नाही. भाऊ काठावर बसून बराच वेळ पाणी पाहत होता. मग म्हणाला, “दादा, ह्यांनी पाण्याला वाट दिली, पण बारीक. सगळं एकदम सुटू दिलं नाही.” सकाळपासूनचे हे त्याचे पहिले मोकळे बोलणे.

परतलो तेव्हा एका बाजूचा नट सुटला होता. दुसऱ्या बाजूचा छिन्नीने कापावा लागला. मागचा अक्सल लोखंडी घोड्यांवर टेकवलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली चाचा स्वतः शिरत नाहीत आणि पोऱ्यालाही शिरू देत नाहीत. त्यांनी जुना शॉकअप माझ्या हातात दिला. एका हाताने तो सायकलच्या पंपासारखा सुळसुळ खालीवर झाला. नवा दाबायला मात्र छातीचा जोर लावावा लागला. बसवण्यापूर्वी त्यांनी नवे शॉकअप उभे धरून चार-पाच वेळा ओढले-दाबले, म्हणजे आत अडकलेली हवा वर जाते. एक चांगला वाटला तरी दोन्ही एकदमच बदलायचे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. आणि शेवटचा पाना गाडी चाकांवर उतरवल्यावरच मारायचा. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबरी बुश पिळून लवकर फाटतात.

वरचा कान जिथे चासीला जोडलेला होता, तिथे चाचांनी हातोडीने ठोकून पाहिले. आवाज खणखणीत आला. “इथं आवाज बद आला असता तर नवा शॉकअप काय कामाचा?” ते म्हणाले. हौद्याचा पत्रा मात्र दिवाळीआधी बदला, असे त्यांनी बजावले. दोन शॉकअप, बुश आणि मजुरी मिळून तीन हजार चारशे रुपये झाले. सकाळच्या नुकसानीपेक्षा कमी!

दसऱ्यानंतर आमच्या शेजारचे एक कुटुंब ऊसतोडीला निघाले. दरवर्षी बायकामुले आणि भांडीकुंडी आमच्याच हौद्यातून जात. यंदा भावाने फक्त सामान घेतले. “माणसं यष्टीनं पाठवा, तिकिटाचे पैसे मी देतो,” असे तो म्हणाला. नवे शॉकअप असतानाही? मी विचारले. त्याने उत्तर दिले नाही. पण मालाच्या गाडीत माणसे बसवायची नसतात हे त्याला त्या पहाटे कळले होते.

आता घाटातले ते वळण आले की गाडी खड्ड्यात एकदा बसते आणि सावरते. मातोश्रींची बैलगाडीची उपमा बंद झाली आहे. वाचकहो, आपल्या दारातली गाडीही एकदा मागून दाबून पाहा. ती दोनदा हलली, तर तिसऱ्यांदा हलण्याची वाट पाहू नका.