कऱ्हाडहून कोकणात निघालेल्या ग्रेडरविषयी

चि. बाळास,


ग्रेडर घेतलास, फार आनंद झाला. रंग उडालाय, पत्रा सडलाय असं तू लिहितोस. ते सगळं नंतर. इंजिन एका हाकेत सुरू होतं म्हणून तू खूश आहेस, पण मला काळजी सर्कलची, म्हणजे ब्लेड ज्यावर फिरतं त्या कड्याची आहे.

यार्डातच ब्लेड जमिनीपासून वीतभर उचल आणि टोकाला पहार लावून वर-खाली कर. सर्कलचा व्यास साधारण दीड मीटर, ब्लेड बारा फुटी. त्यामुळे सर्कलला धरणाऱ्या शूमध्ये चार मिलिमीटरचा खेळ असला, की ब्लेडच्या टोकाला तो सात मिलिमीटर होतो. त्यात ड्रॉबारच्या बॉल जॉइंटची, लिफ्ट सिलिंडरच्या बुशांची ढिलाई मिळव. जीएसबीच्या, म्हणजे रस्त्याच्या खालच्या खडी-मुरमाच्या थराला ठरलेल्या पातळीच्या वर फक्त 10 मिलिमीटरची मुभा असते. म्हणजे ऑपरेटरने लिव्हरला हात लावायच्या आधीच तुझं माप संपलं. कोकणात हे जास्त भोवतं. पावणेचार मीटरच्या खडीच्या रस्त्याला तीन टक्के उतार म्हटला, तर मधल्या उंचीपासून कडेपर्यंत जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचा फरक पडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारं पाणी एवढ्याशा उतारावरून गटारात जायचं असतं. पातं डगमगलं की तिथे पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की खड्डा आलाच. पहिला पैसा शू आणि शिम यांवर घाल, रंगावर नको.

आता आणण्याचं. चालवत आणतो म्हणतोस, ते डोक्यातून काढ. ग्रेडरला स्प्रिंग नसतात. जो काही लवचीकपणा आहे तो टायरांचा. रिकाम्या रस्त्यावर वेग घेतला की तो उड्या मारायला लागतो, आणि जुन्या ब्रेकवर कुंभार्ली घाट उतरवणं मला मान्य नाही. लोबेड ट्रेलरच कर.

चढवताना घात होतो तो रॅम्पच्या माथ्यावर. पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळपास सहा मीटर अंतर, मध्ये पोटाखाली ब्लेड. पुढची चाकं फळीवर पोचली की पोट माथ्याला घासतं. ब्लेड आणि स्कॅरिफायर पूर्ण वर घे. मागे रिपर असेल तर तोही. रॅम्पवर चिखल किंवा डिझेल सांडलेलं असेल तर आधी पुसून घे. यंत्राचं दोन तृतीयांशाहून जास्त वजन मागच्या चार चाकांवर असतं, तेव्हा त्या चाकांचं टँडेम ट्रेलरच्या कुठल्या एक्सलवर येतंय ते लोबेडवाल्याला ठरवू दे. त्याला त्याचा ट्रेलर कळतो.

वर गेल्यावर सर्कल फिरवून ब्लेडची टोकं चाकांच्या रुंदीच्या आत घे आणि ब्लेड लाकडी स्लीपरवर टेकव. मधल्या सांध्याची लॉक पिन घाल. पुढची चाकं सरळ करून त्यांच्या कलण्याचा बोल्टही लाव. चाकं कलवायची ही युक्ती 1885 साली अमेरिकेतल्या जोसेफ ॲडम्सने काढली. ब्लेड तिरकं लागलं की माती यंत्राला बाजूला ढकलते आणि कललेली चाकं त्या रेट्याला तोंड देतात. एवढ्या वर्षांत कुणाला ती मोडीत काढावीशी वाटली नाही, मला याचं फार कौतुक आहे. पण ट्रेलरवर चाकं कलण्याचा तोच सांधा मोकळा राहिला तर वळणावळणाला यंत्र डोलतं आणि साखळ्या सैल पडतात. साखळ्या फ्रेमला बांध, सिलिंडरला किंवा होजला चुकूनही नको. घाट लागण्याआधी थांबून त्या पुन्हा आवळायला सांग. टर्बो असेल तर सायलेन्सरचं तोंड झाकून बांध. वाऱ्याने टर्बो फिरत राहतो, इंजिन बंद म्हणून तेल पोचत नाही, आणि बेअरिंग जातं. आणि केबिनची उंची ट्रेलरसकट मोजून घे. गावात शिरताना विजेच्या तारा खाली लोंबतात.

घरी पोचल्यावर टँडेमचं तेल काढून बघ. दुधासारखं पांढरट असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. लोहचुंबक फिरव, बारीक चूर येणारच, पण तुकडे आले तर आतली चेन बघितल्याशिवाय काम घेऊ नकोस. कटिंग एज ब्लेडच्या मूळ पत्र्यापर्यंत झिजू देऊ नकोस. एज बदलता येते, पत्रा खाल्ला गेला की नवीन ब्लेडच. तुमच्याकडच्या जांभ्यावर तर ती भराभर झिजेल. कातळ असेल तिथे आधी रिपरने फोड, ब्लेडने खरवडू नको.

पावसाळ्यात यंत्र उभंच राहणार. ब्लेड स्लीपरवर टेकवून ठेव, म्हणजे हायड्रॉलिकवरचा ताण उतरेल. सिलिंडरचे जे दांडे बाहेर राहतील त्यांना ग्रीसचा जाड थर दे, नाहीतर गंजाचे खड्डे पडून पुढच्या हंगामात सील फाटतील. डिझेलची टाकी भरून ठेव. रिकाम्या जागेत ओल धरते. अधूनमधून इंजिन गरम होईपर्यंत चालव आणि सर्कल पूर्ण फिरव.

शूच्या जागी काय दिसलं ते फोटो काढून पाठव. शिम कुठल्या जाडीचे लागतील ते बघून सांगतो, म्हणजे लोबेड ठरायच्या आत ते हातात असतील. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा