मिनेसोटातली हिरवळ
अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्याचा बराच काळ अंगणं बर्फाखाली असतात. गवताला जोमाने वाढायला साधारण मे ते सप्टेंबर एवढाच अवधी मिळतो. म्हणून तिथे थंडी सोसणारं गवतच लावतात: उन्हात केंटकी ब्लूग्रास, सावलीत बारीक पात्याचं फेस्क्यू. ब्लूग्रास जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरतं आणि हिवाळ्यात पडलेली खिंडारं स्वतःच बुजवतं; हा त्याचा मोठाच गुण.

बर्फ वितळला की करड्या किंवा गुलाबी बुरशीचे गोल चट्टे दिसतात. न गोठलेल्या जमिनीवर बर्फ फार दिवस साचून राहिला, तर ही बुरशी माजते. औषध फवारण्याची घाई नको. हलक्या हाताने दाताळं फिरवून दबलेली पाती मोकळी केली, की बहुतेक गवत पुन्हा फुटतं. माती चिंब असताना मात्र तिच्यावर चालूही नये.

उन्हाळ्यात उंची 7 सेंटिमीटरच्या आसपास राखावी. खरं काम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचं. माती ऊबदार, हवा गार, तणांचा जोर ओसरलेला. बी तेव्हाच पेरावं. ब्लूग्रास उगवायलाच दोन ते चार आठवडे घेतं, त्यामुळे उशिराची कोवळी रोपं थंडीत टिकत नाहीत. खतही याच सुमारास द्यावं. तळ्यांत शेवाळ माजू नये म्हणून 2005 पासून राज्यभर हिरवळीच्या खतातल्या फॉस्फरसवर निर्बंध आहेत, आणि हजारो तळ्यांच्या या प्रदेशात ते योग्यच आहे. पानगळीचा पाचोळा बर्फ पडण्याआधी उचलावा, नाहीतर यंत्राने बारीक करून तिथेच पसरावा.