"फादर, बसा ना जरा"

महिन्याचा पहिला शुक्रवार म्हणजे आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांचा दिवस. सकाळची मिस्सा आटोपली की ख्रिस्तप्रसादाची लहानशी डबी गळ्यात अडकवून आम्ही वाड्यावाड्यांतून निघत असू. बावीस घरे होती. अकरा वाजता शाळेच्या समितीची बैठक, दुपारी लग्नाची नोंद करण्यास आलेली जोडपी, संध्याकाळी पुन्हा मिस्सा आणि पवित्र तास. म्हणून एका घरी पाच मिनिटे, असा आमचा हिशेब होता. तो सहसा चुकत नसे आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

त्यांपैकी एक घर वाडीच्या अगदी टोकाला होते. तेथे एक आजी राहत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचे देवळात येणे बंद झाले होते. आम्ही पोचण्यापूर्वीच मेजावर धुतलेले पांढरे वस्त्र, क्रूस आणि दोन पेटत्या मेणबत्त्या मांडलेल्या असत; शेजारी पुसून ठेवलेली एक खुर्ची असे. प्रार्थना होई, आजी भक्तिभावाने ख्रिस्तप्रसाद घेत, आणि आम्ही डबी मिटू लागलो की म्हणत, "फादर, बसा ना जरा." आम्ही हसून उत्तर देत असू, "पुढच्या महिन्यात नक्की, आजी." असे किती महिने चालले ते सांगण्याची आज लाज वाटते.

एका पावसाळ्यात आजी गेल्या. तैलाभ्यंग देण्यास आम्ही वेळेवर पोचलो. कर्तव्यात उणे राहिले नाही. दफनविधीनंतर त्यांची सून सहज म्हणाली, "फादर, आईंना तुम्हांला काहीतरी विचारायचं होतं. आम्हांला सांगत नव्हत्या. फादर बसले की विचारीन, म्हणायच्या."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आजींना काय विचारायचे होते, ते आता या जन्मी कळणार नाही.

खरे सांगायचे तर त्या वर्षी आम्ही आतून कोरडे झालो होतो. प्रार्थना होत असे, पण मन पुढच्या कामात असे. कुमसार ऐकताना नजर घड्याळाकडे जाई. कचेरीचे दार वाजले की कपाळाला आठी पडे. प्रवचनात मात्र आम्ही लोकांना देवाची शांती सांगत होतो! हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या अवस्थेवर लिहिले आणि तिला 'बर्नआउट', म्हणजे जळून रिते होणे, हे नाव रूढ झाले. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्यांमध्ये आणि स्वतःमध्येही त्याने ती पाहिली होती. तेव्हा हे दुखणे आळशी माणसाचे नव्हे. ज्याने मनापासून विस्तव पेटविला, त्याचीच राख होण्याचे भय अधिक.

त्या वर्षीच्या रिट्रीटमध्ये आम्ही एका वयोवृद्ध धर्मगुरूंपुढे मन मोकळे केले. कामांची यादी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "फादर, यांतली किती कामं देवानं सांगितली, आणि किती तुम्हांला 'नाही' म्हणता येत नाही म्हणून आली?" मग त्यांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचावयास दिला.

सेमिनरीत तो अध्याय आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. कफर्णहूमात संध्याकाळी सारे गाव प्रभूच्या दारी लोटते. पहाटे अंधारातच तो एकान्तात जाऊन प्रार्थना करतो. शिमोन त्याला शोधीत येतो आणि सर्व लोक तुमच्या शोधात आहेत, असे सांगतो. प्रभू मात्र मागे न फिरता दुसऱ्या गावांकडे निघतो. त्याला शोधणाऱ्यांत दुखणाईत नसतील काय? प्रभूलाही सारी दारे उघडता आली नाहीत. पित्याने नेमून दिलेले काम कोणते, हे मात्र त्याला पहाटेच्या प्रार्थनेत उमगले होते. आम्ही त्याचे सेवक. पण त्याच्याहून अधिक कामाचा हट्ट धरून बसलो होतो.

निर्गमच्या अठराव्या अध्यायातील इथ्रोही तेव्हाच भेटला. जावई मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसतो, हे पाहून सासऱ्याने त्याला सुनावले, की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. आम्हांला हे सांगणारा सासरा नाही. पण धर्मसभा सांगतच होती. ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी प्रापंचिकांना नेमण्याची मुभा पोप सहावे पॉल यांच्या काळात १९७३ साली मिळाली. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यात धर्मग्रामप्रमुखाला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुट्टी घेण्याची सोय आहे. आम्ही मात्र 'इतक्या वर्षांत एकही सुट्टी घेतली नाही' असे मिरवीत होतो. तो त्याग नव्हता. आमच्यावाचून अडेल, हा अहंकार होता.

परतल्यावर बावीस घरांची वाटणी केली. चार प्रापंचिकांना रीतसर शिक्षण देऊन नेमले. ते दर रविवारी आजाऱ्यांकडे जातात. पहिल्या शुक्रवारी आम्ही पाचसहा घरांतच जातो, पाळीपाळीने, आणि तेथे बसतो. हे सर्वांना रुचले नाही. "आमच्याकडे फादरच यायला हवेत," असे काहींनी सुनावले. ते बोलणे सोसावे लागले. प्रत्येकाची मर्जी राखणे हे आमच्या दीक्षाविधीतील वचन नव्हते, एवढे आम्ही मनाशी बजावले. सोमवारची दुपार मोकळी ठेवली आणि रात्री नवानंतर तातडीच्या रुग्णाखेरीज मोबाईल उचलीत नाही.

हे सारे कुटुंबांसाठी लिहीत आहोत, कारण तुमची दमछाक आमच्याहून मोठी आहे. पहाटेचा डबा, गर्दीने भरलेली विरार लोकल, कचेरी, परतीचा प्रवास, मुलांचा अभ्यास, घरातील म्हातारे माणूस. उरलेला रविवार शिकवणीवर्ग, समारंभ आणि आमच्या बैठका खाऊन टाकतात. होय, आमच्याही! जो हौसेने पुढे येतो त्यालाच गायनमंडळ, पालकमंडळ आणि सणाची समिती देऊन आम्ही मोकळे होतो. त्याची पत्नी घरी एकटी जपमाळ म्हणते, हे ध्यानात घेत नाही. हा दोष आमचा. आमच्या धर्मग्रामात आता एका व्यक्तीकडे एकच जबाबदारी, असा नियम केला आहे.

पूर्वी वसईच्या वाड्यांत दिवसातून तीन वेळा आंजेलसची घंटा होई. रहाटावरचा माणूस बैल थांबवून, टोपी काढून प्रार्थना म्हणे. काम तेव्हाही थोडे नव्हते. थांबण्याची वेळ ठरलेली होती, इतकेच. प्रभूच्या दिवशी मिस्सा ऐकण्याबरोबरच तनामनाला विसावा द्यावा, असेही धर्मसभेचा कायदा सांगतो. विश्रांती ही उरल्यासुरल्या वेळाची चैन नव्हे, ती आज्ञेचा भाग आहे. निदान रविवारचे दुपारचे जेवण सर्वांनी एकत्र, मोबाईल बाजूला ठेवून घ्यावे. नवे काम स्वीकारताना घरच्यांना आधी विचारावे. आणि ज्याला काहीच सुधरत नाही, त्याने एलियाची गोष्ट आठवावी. जीव नकोसा होऊन तो झुडुपाखाली निजला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकरी दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

गेल्या पहिल्या शुक्रवारी एका आजोबांकडे बसलो. ते बराच वेळ केळीच्या बागेविषयीच बोलत राहिले. आम्ही उठणार तोच हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, धाकट्या भावाशी वीस वर्षं बोललो नाही. तो आता येईल काय?"

आम्ही पुन्हा खुर्चीवर बसलो.