मूळव्याधच असेल!

माझा धाकटा भाऊ लातूरला असतो. गेल्या वर्षी, वयाच्या ५८व्या वर्षी, त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी आठ महिने संडासवाटे रक्त जात होतं. "मूळव्याधच असेल" म्हणत त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही. मी रागावलो, "अरे, मला तरी फोन करायचास!" तर म्हणतो, "दादा, ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे?"

काय बोलणार... आमच्या घरी शुगर, बीपी, गुडघे सगळं चहाबरोबर निघतं. संडासचं नाव काढलं की मात्र विषय बदलतो.

ऑपरेशन झालं, केमो झाली. आता तो बरा आहे. पण डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितलं.

सरकारी मोहिमेत तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. आतड्याची त्यात नाही. म्हणजे आपणच विचारायला हवं.

मुख्य मार्ग दोन. एक, शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' चाचणी. सोपी, पण दरवर्षी करायची, आणि रक्त सापडलं तर पुढे दुर्बीण आहेच. दुसरा, थेट दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी. आतड्यात पॉलिप, म्हणजे छोटा कोंब, दिसला तर तिथेच काढता येतो. असा कोंब कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं घेतो. तेवढी सवड मिळते! रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा थोडा धोका असतो, हेही सांगितलं पाहिजे.

सख्ख्या भावाला साठीच्या आत झालेला, म्हणून मला दुर्बीणच सुचवली. वय ७२. पंचाहत्तरीनंतर सरसकट करत नाहीत, तब्येत बघून ठरवतात. नांदेडलाच करून घेतली. खरा त्रास आदल्या रात्रीचा. पोट साफ करायचं ते औषध आणि संडासच्या खेपा! तपासणी गुंगीतच उरकली. दोन कोंब निघाले, दोन्ही साधे.

असो. पुतण्यांनो, तुम्ही चाळिशीला आलात की विसरू नका. आणि रक्त दिसलंच, तर वय मोजत बसू नका, 'फिट'ही नको. सरळ डॉक्टरांकडे जा.

परभणीची आमची धाकटी बहीण अजून "मला काही होत नाही" म्हणते आहे. बाई, हे वाचत असशील तर फोन कर. ही फोनवर सांगायचीच गोष्ट आहे. मी सोबत येतो.